छापण्याआधी बघून घ्या : एक्सडीव्हीआयची ओळख

मार्च उजाडला की आपल्या हॉस्टेलवर एकच विषय असतो : ब्लॅक बुक. प्रोजेक्ट चालतं की नाही ते व्हायवाच्या दिवशी बघू, पण काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं असलेला रिपोर्ट वेळेत बांधून हातात आला पाहिजे, ही सगळ्यांची चिंता. मग पेनड्राइव्ह खिशात टाकून कोणी उल्हासनगर गाठतं, कोणी अंबरनाथ स्टेशनबाहेर नंबर लावतं, कोणी बदलापूरला उतरतं. झेरॉक्स, डीटीपी, स्पायरल, ब्लॅक बुक बाइंडिंग अशा पाट्यांची आपल्या पट्ट्यात काही कमी नाही.

आणि तिथे गेल्यावर काय होतं? हॉस्टेलवर ७२ पानांचा असलेला रिपोर्ट दुकानातल्या संगणकावर ७४ पानांचा होतो. टेबलचा मथळा एका पानावर, टेबल दुसऱ्या पानावर. ऋणनिर्देशाचं पान हौसेने मराठीत केलेलं असतं, तिथे नुसती बाराखडीची खिचडी दिसते. गेल्या वर्षी एका ग्रुपच्या अनुक्रमणिकेत चौथं प्रकरण पान ३१ वर होतं आणि प्रत्यक्षात निघालं ३३ वर. हे लक्षात आलं तेव्हा तीन प्रती छापून झाल्या होत्या. पान दोन रुपये धरा, ८० पानं, पाच प्रती. एकदा छापायचे ८०० रुपये. दुसऱ्यांदा छापायचे आणखी ८००. रंगीत पानं आणि बाइंडिंग वेगळं. मेसचं बिल भरणाऱ्याला ही रक्कम काय असते ते मी सांगायला नको.

यात दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. वर्ड प्रोसेसरच्या फाइलमध्ये तुमचा मजकूर असतो आणि तो कसा मांडायचा याच्या सूचना असतात. ओळ कुठे तुटणार, पान कुठे संपणार हे ती फाइल जिथे उघडली त्या मशीनवर पुन्हा ठरतं. तुमचा फॉन्ट तिथे नसला तर दुसरा बसतो, त्याची अक्षरं जराशी रुंद असतात, आणि बघता बघता दोन पानं वाढतात. मराठीचं दुखणं याहून जुनं आहे. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येकाची अक्षरांच्या क्रमांकांची वाटणी वेगळी होती. त्यामुळे एका दुकानातला 'क' दुसऱ्या दुकानात भलताच कोणीतरी व्हायचा.

तेव्हा प्रश्न असा आहे : पानाचा निवाडा एकदाच, आपल्या मशीनवर व्हावा, तो नंतर कोणाला बदलता येऊ नये, आणि कागदाला शाई लागण्याआधी तो आपल्याला डोळ्यांनी बघता यावा. याचं एक जुनं, साधं आणि आजही चालणारं उत्तर म्हणजे एक्सडीव्हीआय नावाचा छोटा प्रोग्राम. टर्मिनलवर त्याचं नाव टाइप करायचं, की खिडकी उघडते आणि छापून येणारं पान समोर दिसतं. आज बहुतेक जण लाटेकमधून थेट पीडीएफ काढतात किंवा ओव्हरलीफवर काम करतात, हे मला ठाऊक आहे. तरीही हा धडा लिहितोय, कारण पडद्यावर दिसणारं पान म्हणजे नेमकं काय हे एक्सडीव्हीआयमधून जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसरीकडून कळत नाही. शिवाय हॉस्टेलचं वायफाय बसलं की ओव्हरलीफही बसतं. याला इंटरनेट लागत नाही, आणि लॅबमधल्या सगळ्यात जुन्या मशीनवरही हा पळतो.

थोडा इतिहास

खिळ्यांच्या जमान्यात ही सोय 'गॅली प्रूफ' या नावाने होती. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. अशा छापखान्यांत कंपोझिटर खिळे जुळवायचा, जुळलेल्या मजकुराचा एक कच्चा छाप निघायचा, आणि मुद्रितशोधक त्यावर खुणा करायचा. म्हणजे बघायलासुद्धा कागद लागायचाच.

१९७७ मध्ये डोनाल्ड नूथ या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांच्या हाती त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. खिळ्यांऐवजी नव्या फोटो-जुळणीने केलेली ती पानं त्यांना इतकी खराब वाटली, की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. तोच 'टेक'. (उच्चार टेक, टेक्स नव्हे. टाइप करताना मात्र शेवटचं अक्षर एक्सच.) १९७९ मध्ये नूथ यांच्याबरोबर काम करणाऱ्या डेव्हिड फुक्स यांनी टेकच्या उत्तरासाठी एक फाइल-रचना आखली, डीव्हीआय. डिव्हाइस इंडिपेंडंट, म्हणजे यंत्र कोणतंही असो, फाइल तीच. या घरोब्यात मुंबईही आहे. पिजुष घोष यांचा भारतीय लिप्यांची अक्षररचना आणि जुळणी या विषयावरचा अहवाल १९८३ मध्ये स्टॅनफर्डनेच काढला, आणि घोष होते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोतावळ्यातले.

एक्सडीव्हीआयच्या मूळ प्रोग्रामच्या माथ्यावर त्याची कुळकथा लिहिलेली आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये कार्नेगी मेलनच्या एरिक कूपर यांनी तो लिहिला. जानेवारी १९८६ मध्ये एमआयटीच्या बॉब शायफ्लर यांनी तो एक्स विंडोवर आणला. हे तेच, ज्यांनी एक्स विंडो ही प्रणालीच उभी केली. १९८८ मध्ये मार्क आयखिन यांनी त्याला एक्सच्या ११ व्या आवृत्तीवर बसवलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बर्कलीचे पॉल व्होइटा यांनी त्यात भिंग घातलं. व्होइटा हे संख्याशास्त्राचे नव्हे, अंकसिद्धांताचे नावाजलेले गणिती आहेत. पुढे कित्येक वर्षं हा प्रोग्राम त्यांनीच सांभाळला.

फाइलच्या पोटात काय असतं

डीव्हीआय फाइलमध्ये अक्षरांची चित्रं नसतात, हे आधी पक्कं करा. तिच्यात असतं एवढंच : अमुक फॉन्ट घ्या, इतकं उजवीकडे सरका, इतकं खाली उतरा, अमुक क्रमांकाचं अक्षर ठेवा, अमुक मापाची रेघ ओढा. बस्स.

खात्री करायची असेल तर एक प्रयोग करा. एक छोटी टेक फाइल करून तिच्यात रोमन लिपीत बदलापूर एवढाच शब्द लिहा, पहिलं अक्षर कॅपिटल. ती चालवा, आणि आलेल्या डीव्हीआय फाइलवर 'डीव्हीआयटाइप' हा प्रोग्राम चालवा. हाही नूथ यांचाच. फाइलमधली एकेक आज्ञा तो वाचून दाखवतो. त्यात तुम्हाला लागोपाठ आठ आकडे सापडतील : ६६, ९७, १००, १०८, ९७, ११२, ११७, ११४. बी, ए, डी, एल, ए, पी, यू, आर. एका अक्षराला एक बाइट. भरगच्च पानसुद्धा चार-पाच किलोबाइटमध्ये मावतं ते यामुळेच.

मापं मात्र भलतीच बारीक असतात. छापखान्याचा एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२.२७ वा भाग. टेक त्या पॉइंटचे ६५,५३६ तुकडे करतो आणि प्रत्येक जागा या तुकड्यांत पूर्णांकाने लिहितो. एक तुकडा साधारण ५.४ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरीपेक्षाही कितीतरी लहान. १०० मिलिमीटरची रेघ फाइलमध्ये सुमारे १ कोटी ८६ लाख या आकड्याने लिहिलेली असते. पूर्णांक असल्यामुळे लॅबमधल्या मशीनवर, तुमच्या लॅपटॉपवर आणि बर्कलीत उत्तर सारखंच येतं. ओळ कुठे तुटली हा निवाडा या आकड्यांत गोठलेला असतो. एक्सडीव्हीआय त्याला हात लावत नाही, तो फक्त ठेवलेल्या जागी अक्षरं मांडतो.

दुसरी मजेची गोष्ट म्हणजे ही फाइल शेवटाकडून वाचायची असते. आपल्या रेल्वेलाइनचं उदाहरण घ्या. समजा प्रत्येक स्टेशनला फक्त आपल्या मागचं स्टेशन माहीत आहे. बदलापूरला विचारलं तर ते म्हणेल अंबरनाथ, अंबरनाथ म्हणेल उल्हासनगर, उल्हासनगर म्हणेल विठ्ठलवाडी, विठ्ठलवाडी म्हणेल कल्याण. डीव्हीआयमध्ये प्रत्येक पानाच्या सुरुवातीला मागचं पान फाइलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होतं तो आकडा असतो. शेवटचं पान कुठे आहे हे फाइलच्या शेपटीत लिहिलेलं असतं, आणि शेपूट ओळखू यावी म्हणून अगदी टोकाला २२३ हा आकडा निदान चार वेळा भरलेला असतो. एक्सडीव्हीआय आधी हे टोक पकडतो, मागे मागे जात सगळ्या पानांचे पत्ते गोळा करतो, आणि मग तुम्ही पन्नासावं पान मागितलंत की मधली एकोणपन्नास न चाळता थेट तिथे उतरतो. डेटा स्ट्रक्चर्समध्ये लिंक्ड लिस्ट शिकताना 'हे कुठे वापरतात' असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

चालवून बघू

टर्मिनलवर लिहायचं ते इथे देवनागरीत देतोय. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. टेक लाइव्ह बसवलेलं असलं की एक्सडीव्हीआय सहसा सोबतच येतो. रिपोर्ट नावाची फाइल असेल तर आधी

लाटेक रिपोर्ट

आणि मग

एक्सडीव्हीआय -पेपर ए४ रिपोर्ट &

शेवटचं चिन्ह विसरू नका. त्यामुळे खिडकी उघडी राहते आणि टर्मिनल पुढच्या कामाला मोकळं होतं. '-पेपर ए४' का, तर नुसत्या डीव्हीआय फाइलला कागद किती मोठा आहे हे ठाऊकच नसतं. ती फक्त कागदाच्या वरच्या-डाव्या कोपऱ्यापासून एक इंच आत, एक इंच खाली असा आपला आरंभबिंदू धरते. तुमचा कागद ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेतला लेटर कागद २१६ बाय २७९. प्रोग्रामने लेटर गृहीत धरला तर तळाचे १८ मिलिमीटर पडद्यावर कमी दिसतील, आणि पान क्रमांक कडेला चिकटल्यासारखा वाटेल. मग तुम्ही बसाल समास हलवत, जिथे मुळात काही चुकलेलंच नाही.

पहिल्यांदा उघडताना टर्मिनलवर भराभर ओळी धावतील, एमकेटेकपीके असं काहीतरी दिसेल. घाबरू नका. फाइलमध्ये अक्षरांची चित्रं नसतात हे वर पाहिलं. ती चित्रं मशीनवर नसतील तर त्याच क्षणी मेटाफॉन्ट चालवून तयार केली जातात आणि जपून ठेवली जातात. दुसऱ्या वेळी पान झटकन उघडतं.

आता कळा. एन म्हणजे पुढचं पान, पी म्हणजे मागचं, क्यू म्हणजे बंद. आकडा आधी टाइप करायचा आणि कळ नंतर, ही याची पद्धत. १७ टाइप करून जी दाबलंत की सतरावं पान. इथे एक गोची आहे. हा सतरावा कागद पहिल्या कागदापासून मोजलेला असतो. ब्लॅक बुकमध्ये मुखपृष्ठ, सर्टिफिकेट, ऋणनिर्देश, सारांश यांतच आठ-दहा पानं जातात आणि छापील १ हा आकडा नंतर येतो. त्यावर उपाय आहे. ज्या पानावर १ छापलंय तिथे जा, १ टाइप करा आणि कॅपिटल पी दाबा. यापुढे जी छापील क्रमांक मानेल. अनुक्रमणिका तपासायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. एकाने अनुक्रमणिका वाचायची, दुसऱ्याने आकडा आणि जी. वर सांगितलेल्या ३१-३३ सारखा घोळ पाच मिनिटांत सापडतो. (अनुक्रमणिका बरोबर यायला लाटेक दोनदा, कधी तीनदा चालवावं लागतं, हेही इथेच कळतं.)

माउसचं डावं बटण दाबून धरलं की लहान भिंग उघडतं, मधलं दाबलं की मध्यम, उजवं दाबलं की मोठं. आणि खरी बहार कॅपिटल आरमध्ये आहे. एका खिडकीत एडिटर, दुसऱ्या खिडकीत एक्सडीव्हीआय. मजकूर बदला, लाटेक चालवा, एक्सडीव्हीआयवर आर दाबा, पान जिथे होतं तिथेच नव्याने उभं राहतं. बऱ्याचदा आरही लागत नाही. खिडकीवर क्लिक केलं की फाइल बदलल्याचं त्याला समजतं.

लाटेक चालवताना '-एसआरसी-स्पेशल्स' असं जोडलंत तर पडद्यावरच्या ओळीवर कंट्रोल धरून क्लिक केल्यावर एडिटर नेमक्या त्या ओळीवर उघडतो. सोय उत्तम आहे. पण या खुणा फाइलमध्ये अक्षरांच्या अधेमधे बसतात आणि त्यांच्यामुळे क्वचित मांडणी किंचित हलू शकते. शेवटची फेरी त्यांच्याशिवाय काढावी.

लॅबच्या सर्व्हरवर काम असेल आणि तुम्ही हॉस्टेलवर असाल, तर एसएसएचला '-एक्स' (हा एक्स कॅपिटल) जोडून आत शिरा. प्रोग्राम तिकडे चालेल, खिडकी तुमच्याकडे उघडेल.

किती विश्वास ठेवायचा?

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण पडद्यावर बघून जे निर्णय घेतले जातात त्यांतले निम्मे डोळ्यांच्या भ्रमावर घेतलेले असतात.

एक्सडीव्हीआय अक्षरांची चित्रं सहसा इंचाला ६०० ठिपके या दराने घेतो. इतके ठिपके पडद्यावर मावत नाहीत, म्हणून तो ती लहान करतो. किती लहान, ते एस ठरवतो. ६ टाइप करून एस दाबा : ६०० भागिले ६, म्हणजे इंचाला १०० ठिपके. ए४ पान ८.२७ बाय ११.६९ इंचांचं, म्हणून पडद्यावर ८२७ बाय ११६९ ठिपके. तुमचा लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा असेल तर रुंदी बसली, उंची नाही. १० एस करा : ४९६ बाय ७०१. आता अख्खं पान दिसतं, पण वाचता येतं का? दहा पॉइंटच्या कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्टमध्ये छोट्या एक्स या अक्षराची उंची सुमारे ४.३ पॉइंट आहे. १० एसला ती पडद्यावर साडेतीन ठिपक्यांच्या आसपास येते. साडेतीन ठिपक्यांत अक्षर काय काढणार? ६ एसला सहा ठिपके, ४ एसला नऊ. कागदावर ६०० च्या प्रिंटरवर तेच छत्तीस.

म्हणून मी दोनदा बघतो. एकदा १० ला : पान उभं कसं आहे, आकृती कुठे बसली, कुठलं पान अर्धं रिकामं राहिलं, शेवटच्या पानावर एकटीच ओळ लोंबकळतेय का. मग ४ ला : वाचायला. मधला ६-७ चा आकडा दोन्हींना निम्मा-निम्मा उपयोगी, म्हणजे कशालाच नाही. हे माझं मत झालं, तुमचे डोळे तुमचे.

६ एसला पडद्याचा एक ठिपका म्हणजे मूळ चित्राचे ६ गुणिले ६, छत्तीस ठिपके. त्यांतले जितके काळे, तितकी करड्या रंगाची गडद छटा. म्हणून अक्षरं पडद्यावर किंचित फिकट आणि पुसट दिसतात. ते बघून फॉन्ट जाड करायला जाऊ नका. उलट रेघांचं. लाटेकमधली नेहमीची टेबलाची रेघ ०.४ पॉइंटची असते. इंचाला १०० ठिपक्यांवर ती जेमतेम अर्धा ठिपका भरते, पण रेघ दिसायला हवी म्हणून तिला निदान एक पूर्ण ठिपका दिला जातो. त्यामुळे टेबल पडद्यावर अंगावर आल्यासारखं ठसठशीत दिसतं आणि कागदावर नाजूक येतं. शंका आली की भिंग वापरा. भिंगात ६०० ठिपक्यांचं मूळ चित्र जसंच्या तसं दिसतं.

तेव्हा ओळी कुठे तुटल्या, पानं कुठे संपली, समास किती, क्रमांक काय, याबाबत पडद्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. अक्षराच्या जाडीबाबत आणि रंगाबाबत ठेवू नका. आकृत्यांचं अर्धं-अर्धं आहे. डीव्हीआय फाइलमध्ये आकृतीचं फक्त नाव असतं. पोस्टस्क्रिप्ट आकृती असेल तर एक्सडीव्हीआय घोस्टस्क्रिप्टला हाक मारून ती काढून घेतो. टिकझेडने काढलेली सर्किट किंवा तिरपा फिरवलेला मजकूर मात्र त्याच्यावर धड दिसेल अशी अपेक्षा धरू नका. त्यांच्यासाठी पीडीएफच बघावं.

बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच सोडायला सांगतात, तेही इथे मोजता येतं. मोड्सच्या मेनूमध्ये माउस बदलून फूटपट्टीचा मोड घ्या, एका टोकाला क्लिक करा, दुसऱ्या टोकापर्यंत न्या, अंतर दिसतं.

आणि मराठी?

हा विभागच मराठी असल्यामुळे हा प्रश्न टाळून चालणार नाही. नेदरलँडमधल्या ग्रोनिंगेनच्या फ्रान्स व्हेल्थुइस यांनी देवनागरीचा फॉन्ट मेटाफॉन्टमध्ये घडवला आणि सोबत 'देवनाग' नावाचा प्रोग्राम दिला. त्यात मजकूर रोमनमध्ये लिहायचा : दीर्घ आ ला ए दोनदा, अनुस्वाराला टिंब आणि एम, ड ला टिंब आणि डी, ळ ला कॅपिटल एल. 'तऱ्हा'मधल्या अर्ध्या र साठीसुद्धा वेगळी खूण ठेवली आहे, हिंदीला न लागणारी, आपल्याला लागणारी. देवनाग आधी जोडाक्षरं सोडवतो, कोणता तुकडा कुठे बसणार ते ठरवतो, आणि मग लाटेकला देतो. सगळा विचार आधीच झालेला असल्यामुळे डीव्हीआयमध्ये नेहमीसारखेच क्रमांक आणि जागा येतात, आणि एक्सडीव्हीआयला ही मराठी आहे की इंग्रजी याच्याशी काही देणंघेणं राहत नाही. फक्त शिरोरेषेकडे लक्ष ठेवा. ती प्रत्येक अक्षराबरोबर तुकड्यातुकड्याने येते. लहान करताना दोन तुकड्यांच्या सांध्यावर फिकट चीर दिसते. भिंगात बघितलं तर चीर नाही. कागदावरही नाही.

आज आपण युनिकोडमध्ये टाइप करतो, त्याचा मार्ग वेगळा आहे. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलेला झीटेक थेट देवनागरी वाचतो आणि मशीनवरचे युनिकोड फॉन्ट वापरतो. २०१३ पासून त्यातली जोडाक्षरं हार्फबझ ही लायब्ररी जुळवते. पण त्याची मधली फाइल डीव्हीआयची वाढवलेली आवृत्ती असते, आणि ती एक्सडीव्हीआयला वाचता येत नाही. झीटेक तुम्हाला सरळ पीडीएफ हातात देतो, तेच बघायचं. थोडक्यात इंग्रजी रिपोर्टला एक्सडीव्हीआय, मराठी ऋणनिर्देशाला झीलाटेक, आणि दोन्ही पीडीएफ शेवटी जोडायच्या. मराठीतून लाटेक शिकवणारी पुस्तिकाही आता टेकच्या सीटॅन या भांडारात आहे, ती उतरवून घ्या.

दुकानात जाताना

डीव्हीआय फाइल पेनड्राइव्हवर घेऊन कॅम्प नंबर तीनला गेलात तर हात हलवत परत याल. तिच्यात अक्षरांची चित्रं नाहीत, आकृत्या नाहीत, आणि दुकानात एक्सडीव्हीआय नाही. सगळं बघून झाल्यावर

डीव्हीआयपीडीएफएमएक्स -पी ए४ रिपोर्ट

असं चालवा. यातून निघालेल्या पीडीएफमध्ये तेच आकडे, त्याच जागा, शिवाय अक्षरं आणि आकृत्याही आत येतात. मग 'पीडीएफफॉन्ट्स रिपोर्ट.पीडीएफ' चालवून फॉन्टची यादी बघा. तिथे ई-एम-बी अशा मथळ्याखाली प्रत्येक फॉन्टसमोर 'येस' हवं. एकाही ठिकाणी 'नो' दिसलं तर दुकानातला संगणक तिथे आपल्या मनाचा फॉन्ट घालेल, आणि आपण जिथून सुरुवात केली तिथेच पुन्हा येऊ.

एक गोष्ट तरीही आपल्या हातात राहत नाही. दुकानातल्या प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' वर टिक असली की अख्खं पान जरासं आकसतं आणि दीड इंचाचा समास हलतो. म्हणून रिपोर्टच्या शेवटी एक जादा पान ठेवा आणि त्यावर १०० मिलिमीटरची एक आडवी रेघ ओढा. ऐंशी पानं सोडण्याआधी तेवढं एकच पान काढायला सांगा आणि खिशातल्या फूटपट्टीने रेघ मोजा. ९६-९७ भरली तर दादांना सांगा, 'ॲक्च्युअल साइज' करा.